गॅलरीतली पहिली बाग : आधी ऊन, मग माती, झाड शेवटी

मृगाच्या दोन सरी पडल्या की नर्सरीत गाडी लावायला जागा मिळत नाही. नवा बागकाम करणारा हमखास याच आठवड्यात सापडतो. एका हातात गुलाब, दुसऱ्या हातात फळं धरलेलं टोमॅटोचं रोप आणि पिशवीत ‘ते पांढऱ्या फुलांचं काहीतरी’. मीही असाच एकदा रिक्षाभर रोपं घेऊन घरी आलो होतो. अकरा होती. दसऱ्याला तीन उरली. त्यातली एक कोरफड, म्हणजे तिचं श्रेय मला देता येत नाही.

चूक निगा राखण्यात कमी होती, क्रमात जास्त होती. आपण आधी झाड आणतो, मग त्याच्यासाठी कुंडी आणि माती शोधतो, आणि ते सुकायला लागलं की इथे ऊन येतं का हा प्रश्न पडतो. हाच क्रम उलटा केला की निम्मी झाडं वाचतात. पुढे जे लिहिलं आहे ते पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा हिशेब धरून. कोकणात किंवा नागपुरात असाल तर पावसाचा आणि उन्हाचा भाग आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

एक : एक रविवार ऊन बघण्यात घालवा

सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत डोकवा आणि थेट ऊन कुठे पडलंय ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. ‘आमच्याकडे भरपूर उजेड आहे’ हे वाक्य विसरून जा. उजेड वेगळा, ऊन वेगळं. फरशीवर हात धरा. सावलीची कडा ठळक दिसली तर ते ऊन. फिकट, पसरट दिसली तर उजेड.

सहा तास ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगं, गुलाब, मोगरा. तीन-चार तास असेल तर मेथी, पालक, माठ, चुका अशा पालेभाज्या. त्याहून कमी असेल तर पुदिना, अळू, पानाचा ओवा यांच्यावर समाधान माना. (पानाच्या ओव्याची भजी पाहुण्यांना घातली की कमी उन्हाचं दुःख बरंच हलकं होतं.) कमी उन्हात टोमॅटो मरत नाही, हीच खरी पंचाईत. तो उंच वाढतो, लांबट होतो, कधीमधी दोन फुलं दाखवतो आणि आपण त्याला खत घालत बसतो.

आता एक गोष्ट, जी मला तिसऱ्या वर्षी कळली. उन्हाचा हा नकाशा वर्षभर सारखा राहत नाही. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, तोही दक्षिणेला. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतल्या दारापर्यंत येतं. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. तिथपासून जुलैअखेरीच्या दुसऱ्या शून्य सावलीपर्यंत तो उत्तरेकडून उगवतो आणि उत्तरेकडेच मावळतो. या काळात दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब पूर्ण सावली धरतो, आणि एरवी रडकी असलेली उत्तरेची गॅलरी सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन खाते. ‘थंडीत छान होती, मेमध्ये का रुसली’ याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. म्हणून नकाशा दोनदा करा, एकदा मेअखेरीस आणि एकदा डिसेंबरात.

पूर्वेची गॅलरी नवख्याला सगळ्यात सोपी. पश्चिमेची सगळ्यात कडक. तिथे एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर हिरवी जाळी बांधावीच लागते.

दोन : वजन आणि खालचे शेजारी

वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की तीस किलोच्या आसपास जाते. जड कुंड्या भिंतीलगत आणि खांबाजवळ ठेवा, बाहेर झुकलेल्या टोकाला नको. कठड्यावर तर काहीच ठेवू नका. वळवाच्या वाऱ्याला कुंडी आणि खालून जाणारा माणूस यातला फरक समजत नाही. प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर तुमच्या शेणखताचा अर्क उतरेल. तसं झालंच, तर पहिली मेथी त्यांच्या घरी द्यायची.

तीन : माती विकत मिळत नाही, ती करावी लागते

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाग म्हणजे हेच काम.

पोत्यात मिळणारी लाल माती नुसती भरली तर दोन महिन्यांत ती विटेसारखी बसते. वरून पाणी घालावं तर कडेकडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शेतातली काळी माती आणली तर आणखी वाईट. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगांबरोबर कोवळी मुळंही तुटतात. शेतात तिला खाली खोल जागा असते, कुंडीत नसते. कुंडीला हलकी, भुसभुशीत, पाणी धरणारी आणि तरीही हवा खेळू देणारी माती लागते. ती बनते पालापाचोळ्यातून.

माघ ते चैत्र शहरातली झाडं पानं टाकतात. पिंपळ, शिरीष, गुलमोहर यांची पानं लवकर कुजतात. देशी बदामाची आणि आंब्याची पानं जाड असतात, ती चुरून घ्यावी लागतात. निलगिरीची आणि सुरूच्या झाडाची पानं सोडून द्या. सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून दोन-तीन पोती बाजूला ठेवायला लावा. त्यांचा उचलण्याचा त्रास वाचतो आणि कोपऱ्यात काडी लावण्याचा मोहही टळतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच बंदी घातली असून साध्या जाळण्यालाही पाच हजारांचा दंड ठेवला आहे, हेही गोड आवाजात सांगता येतं.

आता खताची बादली. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या. गरम केलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने कडेने चहूबाजूंनी आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळात चार बोटं सुका पाला. त्यावर दिवसभराच्या भाजीच्या देठांचा, सालींचा बारीक चिरलेला थर. त्याच्या दुप्पट, जमल्यास तिप्पट, सुका पाला. सुरुवातीला विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा, किंवा कुणाकडून मूठभर तयार खत आणा. दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. शिजलेलं तेलकट अन्न, मासे, मटण यात घालू नका. लिंबाच्या साली थोड्याच.

बादली तुमच्याशी वासाने बोलते. कुबट, सडका वास आला तर ओल जास्त झाली आहे, सुका पाला घाला आणि ढवळा. मुंग्या झाल्या तर फार कोरडं झालंय, पाण्याचा हात मारा. चिलटं झाली तर वरचा पाल्याचा थर पातळ पडतोय. मळकट, जाडसर अळ्या वळवळताना दिसल्या तर किंचाळू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा भराभर खातात, चावत नाहीत, आणि माशी झाल्यावर घरातल्या अन्नावर घोंगावतही नाहीत. आमच्या घरात या मुद्द्यावर एकमत व्हायला मात्र दोन वर्षं गेली.

बादली भरली की झाकून सहा-आठ आठवडे विसरून जायचं आणि दुसरी सुरू करायची. एकूण तीन महिन्यांत काळं, पहिल्या पावसासारखा वास येणारं खत हातात येतं. कशाचं काय होतं हे ओळखू येतं, तोपर्यंत ते तयार झालेलं नसतं.

कुंडी भरण्यासाठी माझं माप असं : तीन घमेली हे खत, दोन घमेली लाल माती, एक घमेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वीस लिटरच्या बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर फुगते, तेव्हा न्हाणीघरातल्या छोट्या बादलीत भिजवायची हौस करू नका. आणि ते दोनदा धुऊन पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, न धुता वापरलं तर रोपांच्या पानांच्या कडा जळतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती हाताशी असते. ती अन्नाला गरीब पण निचऱ्याला चांगली, तिथे खताचं माप थोडं वाढवा आणि कोकोपीट कमी करा.

एक जुना समज इथेच काढून टाकतो. कुंडीच्या तळाला खड्यांचा थर दिला की निचरा सुधारतो, असं सगळे सांगतात. सुधारत नाही. बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या खड्यांत उतरतच नाही, त्यामुळे चिखलाचा थर उलट मुळांच्या दिशेने वर सरकतो. भोकावर खापराचा किंवा कौलाचा एक तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

चहाचा चोथा चालतो, साखर-दूध धुऊन काढल्यावर. अंड्याची टरफलं कुटून घाला, पण त्यांचा गुण लागायला वर्ष जातं. केळ्याच्या सालीचं पाणी करून घालणाऱ्यांना मी अडवत नाही. साल सरळ खताच्या बादलीत टाकली तर काम तेच होतं आणि फ्रीजशेजारी बरण्या साठत नाहीत.

चार : आता झाड, तेही नर्सरीतून नको

पहिलं पीक स्वयंपाकघरातून घ्या. डब्यातली मूठभर मेथी रात्री भिजवा. सकाळी वीतभर खोल पसरट ट्रेमध्ये, नाहीतर तळाला वर्तमानपत्र अंथरलेल्या फळांच्या कॅरेटमध्ये दाट पसरा, वर बोटाच्या पेराएवढीही नको इतकी माती भुरभुरा. तिसऱ्या दिवशी हिरवं दिसतं, पंचवीस-तीस दिवसांत भाजी होते. उपटू नका, कात्रीने कापा. मेथी द्विदल आहे. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, ती मुळं मातीतच राहिलेली बरी. त्याच ट्रेमध्ये पुढचा पालक लावा.

पुदिना बाजारातल्या जुडीतूनच होतो. जाडसर चार काड्या निवडा, खालची पानं काढा, पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठवड्याभरात पांढरी मुळं फुटतात. त्याला वेगळीच कुंडी द्या, शेजाऱ्याच्या ताटात हात घालायची त्याला सवय आहे.

कोथिंबिरीने अनेकांना रडवलंय. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. आणि तिला थंडी हवी. दिवाळीनंतर पेरलेली झकास होते, एप्रिलमधली चार पानं काढून थेट फुलावर जाते.

जूनच्या सुरुवातीला हळदीचा एक कोंब आलेला तुकडा मोठ्या कुंडीत टाकून ठेवा. हळद हाती यायला आठ-नऊ महिने लागतात, पण ज्यांच्याकडे नागपंचमीला पातोळ्या होतात त्यांना श्रावणात पानांचीच खरी किंमत. बाजारात त्या दिवशी हळदीच्या पानांचा भाव विचारून बघा.

टोमॅटो मात्र जूनमध्ये लावू नका. पावसाळी दमटात पानांवर करपा येतो आणि ढगाळ हवेत फळ धरत नाही. गौरी-गणपतीच्या सुमारास बी टाका, महिन्याभराने वीस लिटरच्या बादलीत एकच रोप हलवा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तोडा येतो. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला की लोक चुना, अंड्याची टरफलं, गोळ्या असं काय काय घालतात. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतं, आपलं पाणी एक दिवस पूर आणि तीन दिवस दुष्काळ असं चालल्याने ते फळापर्यंत पोचत नाही.

बी घेताना पाकीट वाचा. संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं तर त्याच गुणाचं झाड येईलच असं नाही. गावरान वाणाचं बी मात्र धरून ठेवता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी जपून बीजमाता हे नाव मिळवलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घेवड्याच्या एका वेलावरच्या चार शेंगा वाळवून, राख लावून बरणीत ठेवणं एवढं तर गॅलरीतही जमतं. गुलाबी-निळा रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं. ते लावा, पण त्याची मेथी करायला जाऊ नका, आणि हात धुवा.

मग नर्सरीत जा. रोप आणलं की आठ दिवस सावलीत राहू द्या, त्याच दिवशी कुंडी बदलू नका. फळं लगडलेलं रोप घेऊ नका. घेतलंच तर फळं काढून टाका, जीव तुटला तरी.

पाच : पाणी घालण्याआधी बोट घाला

नवख्याची झाडं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश घाला. वरवर शिंपडलं की मुळंही वरवरच राहतात. वेळ सकाळची. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळीही.

याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे तुळस. अंगणातल्या वृंदावनाची माती खाली जमिनीला मिळालेली असे, रोजचं तांब्याभर पाणी मुरून जाई. गॅलरीतल्या पाच इंची वृंदावनात तोच तांब्या, वर सणावाराला दूध आणि हळद-कुंकू, म्हणजे तिला बिचारीला बुडवणंच. देवाला नमस्कार करून पळीभर पाणी घाला. मंजिऱ्या वाळायच्या आत खुडा, झाड डेरेदार होतं.

पावसाळ्यात ताटल्या काढून टाका, नाहीतर आठवड्यातून एकदा नक्की पालथ्या करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याला स्वच्छ साचलेलं पाणीच आवडतं.

सहा : कीड दिसली की आधी तिचं नाव शोधा

जास्वंदीच्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कोवळ्या देठावर हिरवे-काळे ठिपके गर्दी करून बसलेत तर मावा. दोन्हीसाठी पहिला उपाय पाण्याची जोरदार धार आणि जुना टूथब्रश. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी करा, कारण गोड चिकट रसासाठी मुंग्याच या किडीची राखण करतात. मिरचीची पानं वाटीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड. यालाच बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. फार आकसलेले शेंडे कापून कचऱ्यात टाका, खताच्या बादलीत नको.

लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा, पाच-सात दिवसांनी पुन्हा. भर उन्हात मारलंत तर पानं भाजतात.

जीवामृताचंही, म्हणजे मातीत घालायच्या शेण-गोमूत्राच्या आंबवणाचंही, सगळे विचारतात. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत माती, दोन दिवस सावलीत ठेवून ढवळायचं. गुण चांगला आहे. बंद गॅलरीत करण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या, एवढंच म्हणेन.

कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी सापडली तर फवारा खाली ठेवा. पुढे ती हिरवी होते, धष्टपुष्ट होते आणि एक दिवस काळं-पांढरं फुलपाखरू होऊन जाते. आपलं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. दहा-बारा पानं जातील. जाऊ द्या.

सात : वेल लावलात तर संध्याकाळी घरी या

दुधीला फुलं येतात आणि सुपारीएवढी फळं पिवळी पडून गळतात. खत कमी पडलं असं वाटतं, पण वरच्या मजल्यावर कीटकच पोचलेले नसतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंगांसाठी. दोडक्याची पिवळी फुलंही दुपार कलल्यावर. काकडी आणि लाल भोपळा सकाळी. सुरुवातीला येतात ती सगळी नर फुलं, लांब देठाची, ती गळणारच. मागे इवलासा दुधी घेऊन येतं ते मादी फूल. नर फूल खुडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नर फुलावर दोन मादी फुलांचं काम भागतं. दुधीला निदान चाळीस लिटरचा ड्रम हवा, नाहीतर हा सगळा खटाटोप पानांसाठी.

फुलझाडांचं थोडक्यात. मोगरा संक्रांतीच्या सुमारास निर्दयपणे छाटा, पाणी तोडा, पंधरा दिवसांनी खत द्या. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. शेवंती रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट जळणाऱ्या गॅलरीत ठेवू नका. तिला कळ्या धरायला मोठी रात्र लागते, तुमच्या दिव्यामुळे ती रात्र होतच नाही.

आठ : देवाणघेवाण

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवार ही शेतीत प्रयोग करणाऱ्यांची चळवळ उभी केली ती याच रीतीवर : एकाने आपल्या जागेत करून बघायचं, दुसऱ्याने ते आपल्या जागेत पडताळायचं. तेव्हा मीही इथे सांगितलेलं प्रमाण तसंच्या तसं घेऊ नका, दोन कुंड्यांत दोन मापं करून बघा. आषाढातल्या दमट हवेत जास्वंद, अबोली, पुदिन्याच्या काड्या सहज जगतात, तेव्हाच त्या वाटाव्यात. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड काडी, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली तिरका, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. वर चिठ्ठी चिकटवा : झाडाचं नाव, तारीख, आणि ते तुमच्याकडे कुठल्या दिशेच्या गॅलरीत किती तास उन्हात होतं. बाकी सगळं घेणाऱ्याला आठवतं, हे शेवटचं नेमकं विसरतं. माझ्याकडची दुहेरी जास्वंद गेल्या मेमध्ये पिठ्याने गेली. तिची काडी तळमजल्यावर दिली होती, तिथून या आषाढात दोन परत आल्या, पूर्वेच्या गॅलरीत चार तास ऊन, असं चिठ्ठीवर लिहून.